रक्षाच्या पोटावरचा हात

त्या दुपारी मी लसींचा डबा फ्रीजमध्ये ठेवायला म्हणून आरोग्य केंद्रात आले होते. दिवाळी सरली होती, धानाची कापणी सुरू होती, सगळं गाव शेतावर, बांधीत. तेवढ्यात दिघोरीच्या रक्षाला कळा येत होत्या म्हणून तिची आत्या, शकुनबाई, तिला घेऊन आली. म्हातारीनं माझा हात धरून मला बाजूला नेलं.

"सिस्टर, हिची माय हिलेच जन्म देऊन गेली. बैलबंडीत घालून दवाखान्यात नेत होतो... खाली अंथरलेली धानाची तणस सारी रक्तानं भिजली. हिले मीच वाढवलं. सांभाळजा वो."

"मी आहे ना आत्याबाई," मी म्हटलं.

चारच्या सुमाराला मुलगी झाली. शकुनबाई तिला घेऊन बाहेर बसली. पूर्वी आम्ही रक्त नजरेनं मोजायचो आणि नजर फसायची. आता बाळंतिणीखाली आकडे छापलेली प्लास्टिकची थैली लावतो. मी वाकून पाहिलं. रक्त पाचशे मिलीच्या वर गेलं होतं. पोट दाबलं, तर गर्भाशय आवळून कडक व्हायच्या ऐवजी भिजल्या कणकेसारखं मऊ.

इंजेक्शन दिलं, पोट चोळू लागले. खोलीत रेंज नव्हती, म्हणून मदतनीस आनंदाबाई ॲम्ब्युलन्सला फोन करायला फाटकाकडे धावली. सलाईन लावायची होती आणि माझे हात दोनच. हात काढला की रक्ताची धार लागायची.

शेवटी काढलाच. खाली बघून शीर शोधत होते, तोच जुन्या बायका डोक्याला लावायच्या त्या मोहाच्या तेलाचा वास खोलीत पसरला.

"माय... हळू दाब वो," रक्षा पुटपुटली.

मी मान वर केली. तिच्या पोटावर कुणाचाच हात नव्हता. पण बेंबीखाली कातडीत चार बोटांचे खळगे पडले होते... आणि ते सरकत होते. वर-खाली, घाईघाईनं, काहीच ठाऊक नसलेल्या माणसासारखे.

थैलीतलं रक्त वाढतच होतं.

"बाई..." मी कसंबसं म्हटलं, "तसं नाही. जरा वर... बेंबीपाशी. गोल गोल चोळा. थांबू नका."

खळगे थबकले. मग वर सरकले आणि गोल फिरू लागले.

मी सुई शिरेत घातली, सलाईन सोडली, रक्त थांबवायचं दुसरं औषध दिलं. "असंच... छान करून राहिल्या," मधूनमधून म्हणत होते, लहान मुलीला शिकवावं तसं. थोड्या वेळानं चाचपलं. गर्भाशय कडक झालं होतं. तिथंच काहीतरी गार माझ्या बोटांना लागलं आणि क्षणभर त्यांवर विसावलं.

ॲम्ब्युलन्स आली. साकोलीच्या दवाखान्यात तीन दिवस राहून रक्षा लेकीला कुशीत घेऊन परतली. शकुनबाईला मी सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"बावीस वर्सं झाले... तवा कुठं दाबावं, हे आम्हाले कोणालेच ठाऊक नोतं वो."

आता दुपारी घरी जरा आडवी झाले की कधीकधी माझ्या पोटावर गार तळवा टेकतो. बेंबीपाशी, गोल गोल... सराव करत असेल बिचारी, असं म्हणून मी हलत नाही. पण त्या हाताखाली माझ्या पोटात एक गोळा हळूहळू कडक होत जातो...

माझं गर्भाशय तर आठ वर्षांपूर्वीच काढलंय.