औषध घातलं की फुटतात

“फुटलात ना शेवटी? जरा म्हणून लाज नाही तुम्हाला!”

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावूनच मी करवादले. मागून एक बिचकलेला आवाज आला, “माफ करा... पण मी अजून कशालाच हात लावलेला नाही.”

वळून पाहिलं. दारात एक उंच मुलगा, छातीशी बर्फाचा डबा धरलेला.

“तुम्हाला नाही हो, माझ्या स्फटिकांना!” मी म्हणाले आणि पुढे मला काही सुचेचना. बोलघेवड्या ओसाकाच्या मुलीला बोलायला न सुचणं म्हणजे घराण्याला बट्टाच!

तो इत्सुकी. खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत नवा आलेला, उत्तरेकडच्या आकिताचा. तिकडची माणसं थंडी आत शिरेल म्हणून तोंड उघडत नाहीत म्हणे. तरी त्यानं विचारलं, “का फुटतात?”

मी सांगितलं. माझं प्रथिन आपल्या सगळ्यांच्या पेशींत असतं. कॅल्शियम मिळालं की ते डंबेलसारखं लांब होतं – दोन टोकांना दोन गोळे, मध्ये दांडी. त्याचे स्फटिक असे देखणे होतात! पण मनोविकारावरचं एक जुनं औषध त्यांच्यावर सोडलं, की तडकलेच. औषध कुठे बसतं ते क्ष-किरणांनी बघायचं, तर स्फटिक शाबूत नकोत? सरांनी बजावलं होतं, नव्या वर्षापर्यंत जमलं नाही तर विषय बदला. म्हणजे सगळी मेहनत पाण्यात...

“मला पाण्यातलंच द्या,” तो म्हणाला. “आम्ही प्रथिन विरघळलेलं असतानाच त्याचा आकार मोजतो.”

“आणि बदल्यात काय घ्याल?”

तो चक्क विचारात पडला. “...ताकोयाकी?”

त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. ताकोयाकी म्हणजे आमच्याकडचे ऑक्टोपस घातलेले गरमागरम गोळे; गाडीवरचा वाफाळता गोळा त्यानं अख्खाच तोंडात टाकला.

“अहो, फुंकर तरी मारा!”

उशीर झाला होता. डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी पठ्ठ्या म्हणतो कसा – “छान आहे.”

मग तो काही ना काही निमित्त काढून वर येऊ लागला. तो आला की आमच्याकडच्या मुलींना एकदम खोकला यायचा.

एके दुपारी तो लॅपटॉप घेऊन धावतच आला. “हे बघा! औषध नसताना लांब. औषध मिळालं की दोन्ही टोकं मिटतात, त्याला कवेत घेतात आणि प्रथिनाचा गोळा होतो. नात्सुहोसान, तुमच्या स्फटिकांत खोट नव्हती. दाटीनं रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम अंग मुरडलं, तर रांग मोडणारच ना?”

एका दमात इतकं बोलला! मी बघतच राहिले... आलेखाकडेच, असं शपथेवर नाही सांगता येणार.

मग मी औषध आधीच मिसळलं आणि मिटलेल्या प्रथिनाचेच स्फटिक होऊ दिले. डिसेंबरातल्या एका सकाळी थेंबात बारीक, लखलखीत सुया दिसल्या. एकही तडा नाही! मी धडाधड जिना उतरले आणि सगळ्यांदेखत त्याची बाही धरली.

“आले! अख्खे आले!”

तो हसला, अगदी तोंडभर. मग हळूच म्हणाला, “मलाही एक सांगायचंय... साप्पोरोला नोकरी मिळाली. एप्रिलपासून.”

“छान,” मी म्हणाले आणि बाही सोडली. कसलं डोंबलाचं छान! साप्पोरो म्हणजे पार उत्तरेचं टोक.

मी बाहेर आवारात निघून आले. तो मागोमाग आला.

“घरी फोनवर मी तुमच्याबद्दल इतकं बोलतो,” तो म्हणाला, “की आई विचारते, ‘कोण बोलतंय? इत्सुकीला द्या जरा.’ ...तुम्ही मला फार आवडता.”

मला हसू आलं, आणि रडूही.

“प्रबंध झाला की साप्पोरोला याल? म्हणजे... थंडी खूप असते. बर्फ उपसावा लागतो. रोज. आणि –”

“असं बोलावतात का कुणाला, वेड्या?”

“मग कसं?” तो म्हणाला. “तू सांग.”

मी त्याचा गारठलेला हात ओढून माझ्या कोटाच्या खिशात घातला.

“असं.”