आधी नीट हरव

आमच्या दुकानात माणसं फ्रीज बघायला येतात, दार उघडून आत डोकावतात, किंमत ऐकतात आणि दार हळूच लावतात. त्याने मात्र फ्रीजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ माझ्या टेबलापाशी आला.

“मॅडम, एखादं रिकामं खोकं मिळेल का? मोठं... दोन दारांच्या फ्रीजचं.”

माझ्याच वयाचा असेल, म्हणजे चाळिशी ओलांडून मागे वळून न बघणारा. कानशिलांवर पांढरं, डोळ्यांना चष्मा, शर्टाच्या खिशावर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा शिक्का. मग माझी नजर खाली गेली. कॅनव्हासचे बूट, आणि त्यांत बोटभर रुंद पांढऱ्या लेस. सैल सोडलेल्या आणि चक्क इस्त्री केलेल्या! तशा लेस मी कॉलेजनंतर पाहिल्या नव्हत्या.

“पिना काढून देऊ?” मी विचारलं.

“पिना...?”

“खोक्याच्या. पाठीत घुसतात ना, नाचताना.”

तो बघतच राहिला. लिफ्टमध्ये शिरावं आणि ती आडवी चालू लागावी, तसा चेहरा.

“तुम्ही नाचायचात?”

“छे! भाऊ नाचायचा. मी पिना काढायचे. आणि टेप धरायचे.”

आताच्या मुलांना हे सांगावं लागतं. त्यांना हिप-हॉप फोनमध्ये मिळतं, जिममध्ये मिळतं, साबणाच्या जाहिरातीतही मिळतं. आमच्याकडे एक कॅसेट होती. तीही कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी. गाणारा पाण्याखालून बोलतोय असं वाटायचं. शब्द एक कळत नव्हता, पण ताल थेट पोटात वाजायचा. गल्लीतल्या पोरांनी स्टेप्स उचलल्या त्या एका व्हिडिओ टेपवरून, थांबवून थांबवून. त्यांची खरी नावं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून आम्हीच बारसं केलं. डोक्यावर गरगर फिरणं म्हणजे भोवरा. पाठीवर लोळत पाय भिरभिरवणं म्हणजे पवनचक्की. कोपर पोटात रोवून अधांतरी थांबणं, कासव.

पोरं गोल करून उभी राहायची आणि मधल्या खोक्यावर एकेक जण उतरायचा. दुपारी भाऊ झोपला की मी गादी सरकवून, दाराला कडी लावून पवनचक्की करायचे. त्याच्यापेक्षा बरी यायची. पण गोलात मला कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जायची माझी छाती नव्हती.

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. खोकं त्याच्या गाडीपर्यंत न्यायला मी एक टोक धरलं. आपण भिजतोय म्हणताच त्याने झटकन अंगातलं जाकीट काढलं. आता असं बघा, पावसात बाईच्या डोक्यावर जाकीट धरणारे पुरुष मी सिनेमात पुष्कळ पाहिलेत. या गृहस्थाने ते खोक्यावर घातलं.

“सॉरी हं,” तो ओशाळला. “पण ओलं झालं की ते...”

“मऊ पडतं. माहितीये. माझ्या केसांचं काही बिघडत नाही.”

तो हसला, मीही हसले. आणि खरं सांगू? तिथेच काहीतरी झालं.

“रविवारी सकाळी या ना,” गाडीचं दार लावत तो म्हणाला. “पिना काढायला नको. नुसत्या या.”

रविवारी गेले. एका मोठ्या इमारतीचं तळघरातलं पार्किंग. लिफ्टच्या कामामुळे तिथल्या लोकांशी त्याची ओळख होती. फरशी गुळगुळीत, टेप जुना, माणसं त्याहून जुनी. एक दातांचे डॉक्टर, एक ड्रायव्हिंग शिकवणारा, एक बँकेतली बाई आणि डॉक्टरांची कॉलेजातली मुलगी. सगळे त्याला भोवरा म्हणत. आता टक्कल पडत चाललेल्या माणसाला भोवरा म्हणणं म्हणजे जखमेवर... पण तो आनंदाने ओ द्यायचा.

“इथे अहो-जाहो चालत नाही,” त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. “गोलात सगळे तू.”

“बरं. तू चष्मा काढून नाचतोस की घालून?”

“काढून. धरशील?”

“नाही. धरायची कामं मी सोडलीत.”

डॉक्टरांनी जोरात शिट्टी मारली. चष्मा मुकाट्याने टेपवर ठेवला गेला.

मी ठरवलं होतं, कंबर मोडली तरी बेहत्तर, पवनचक्की परत आणायची. रोज दुकानातून आले की गादी सरकवायची. खांदे हिरवेनिळे झाले. आई दारात उभी राहून बघायची.

“गुडघे तुझे, हौस तुझी,” ती म्हणायची. “बाम मात्र माझा संपतोय.”

रविवारी तो शिकवायचा. खांद्याला बोट लावून, “इथून... इथून वळ.” मग बोट जरा उशिराने निघायचं. एकदा थर्मासातला चहा ओतताना म्हणाला, “तू पाय फेकतेस ना, तेव्हा भीती वाटते.”

“पडेन म्हणून?”

“नाही. नजर हटत नाही म्हणून.”

“मग नको हटवूस की.”

चहा त्याच्या बुटावर सांडला. इस्त्रीची लेस तपकिरी झाली, तरी तो तसाच बघत बसला.

आमच्या गोलाचा एकच कायदा होता. कुणाकडे बोट दाखवून तुम्ही नाचलात, की त्याने खोक्यावर उतरून उत्तर द्यायचं. जेवढं आहे तेवढं सगळं द्यायचं. हातचं राखून नाचणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं. मग हरलेल्याने जिंकलेल्याचा हात धरायचा, झालं.

ज्या रविवारी माझी पवनचक्की सलग फिरली, त्या रविवारी मी त्याच्याकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोलाच्या मधोमध मी होते. छत फिरलं, दिवे फिरले, सगळे ओरडले. उठले तेव्हा कानात फक्त ताल होता.

तो उतरला. सुरुवात झकास केली. मग पाठीवर गेला, दोन वळणं घेतली आणि “आई गं!” करत कंबर धरून उठला. हसत हसत माझा हात धरला.

“हरलो बाबा!”

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. माझ्या तळहाताला मात्र त्याचा तळहात लागला होता, कोरडा ठणठणीत. या माणसाला नाचताना घाम फुटतो तो कोपरावरून गळतो. मी इतके रविवार काय झोपले होते?

लिफ्टपाशी त्याला गाठलं.

“कंबर कशी आहे तुमची?”

‘तुमची’ ऐकूनच त्याचा चेहरा उतरला. “अगं... तुला जिंकताना बघायचं होतं मला. आणि नंतर एक विचारायचं होतं. म्हटलं, तू आनंदात असशील...”

“मला जिंकायचं नव्हतं. मला उत्तर हवं होतं. लहानपणी मला गोलात कुणी घेतलं नाही, आणि तुम्ही घेऊन काय केलंत? खेळण्यातली बाहुली केलीत!”

“तसं नव्हतं गं...”

“विचारायचं असेल ते त्याच खोक्यावर विचारा. आधी मला नीट हरवा. नाही जमलं, तर पुन्हा पिना काढायला मी मोकळी आहे.”

लिफ्ट आली. मी जिन्याने गेले. चार मजले चढल्यावर लक्षात आलं की मला तळमजल्यावरच बाहेर पडायचं होतं.

आईला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती पत्त्यांचा जोड पिसत होती, पिसतच राहिली.

“तुझे बाबा माझ्याशी मुद्दाम हरायचे. सगळा जन्म. मला कळत नाही असं वाटायचं त्यांना.”

“मग बोलली का नाहीस?”

“प्रेमाने हरतायत, कशाला बोला. आता वाटतं, एक तरी डाव खरा खेळलो असतो. मी बरी खेळायचे की वाईट, हे मला अजून माहीत नाही बघ.”

पुढच्या रविवारी मी स्वतः खोकं घेऊन गेले. कोरं करकरीत, एकेक पिन काढलेलं. मधोमध अंथरलं. तो खांबाला टेकून उभा होता, आठवडाभर झोपला नसल्यासारखा. कुणी काही बोलायच्या आत मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

मग नाचले. गल्लीसाठी नाचले, कडी लावलेल्या दारासाठी नाचले. पवनचक्कीतून कासवात आले आणि थांबले... कोपरावर तोल सावरत थांबले. गोल पेटला.

त्याने चष्मा काढून टेपवर ठेवला. खिशातून लोकरीची टोपी काढून डोक्यावर ओढली. डॉक्टर पुटपुटले, “अरे, नको...”

“तिने विचारलंय,” तो म्हणाला.

आणि उतरला. काय सांगू तुम्हाला! पाय दिसेनात. माझ्याच पवनचक्कीने सुरुवात केली, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने, जणू म्हणत होता, तुझी बघितली, आता माझी बघ. मग हात सोडून डोक्यावर. भोवरा! खोकं फाटलं, टोपी उडाली, तरी माणूस फिरतोय. डॉक्टरांची मुलगी फोनवर चित्रण करायचं विसरली. तो कोसळला तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी हरलेय, साफ, सपशेल, आणि इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

मी खाली बसून त्याचा हात धरला. ओलाचिंब होता.

“हरले,” मी म्हटलं. “आता विचार.”

“श्वास... येऊ दे...”

“येईल तो. विचार.”

“आयुष्यभर...” तो धापा टाकत होता. “असंच... भांडशील?”

“तू आयुष्यभर हातचं राखणार नाहीस?”

“कंबरेची शपथ. आज खरंच गेलीये.”

त्याला उठवायला चौघं लागले.

संध्याकाळी बामचा वास मारत तो आमच्या घरी आला. आईने नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, पत्ते पिसून समोर ठेवले. पहिला डाव तो जिंकला. दुसराही. आता तरी हर म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होते, तरी तिसऱ्यातही त्याने तिला चारी मुंड्या चीत केलं.

आईने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“वाईटच खेळते की मी,” ती म्हणाली. चेहऱ्यावर असं हसू, जे मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिने पत्ते गोळा केले, बाही वर सारली. “थांबा, जावईबापू. अजून एक डाव.”