मीटिंग चालू आहे

निर्बंध उठले आणि आमच्या घरात पहिलं भांडण झालं ते मागच्या खोलीवरून.

खोली खरं तर माझी. तिच्यात माझं शिलाई मशीन, कापडाच्या पिशव्या आणि दिवसभर चांगला उजेड देणारी खिडकी. साथ आली, साहेबांचं ऑफिस घरी आलं, आणि माझं मशीन चादर पांघरून कोपऱ्यात बसलं. साहेब म्हणजे माझा नवरा. ऑफिसात त्यांना साहेब म्हणणारं कुणी नाही, म्हणून मीच म्हणते. जेवणाच्या टेबलावर सासूबाईंचं जुनं हातमशीन मांडून मी बिल्डिंगभराचे मास्क शिवले. काही तोंडं झाकल्यावरच बरी दिसत होती, ते जाऊ दे.

सुरुवातीला एकदा मी चहा घेऊन आत गेले, तर कॅमेऱ्यात माझं कोपर दिसलं. नुसतं कोपर. साहेबांनी त्यावर असा काही तमाशा केला, की जणू मी ऑफिसची तिजोरी फोडली होती. तेव्हापासून घरात नियम झाला. दाराबाहेर स्टुलावर चहा ठेवायचा, दारावर दोनदा टकटक करायचं आणि निघून यायचं. दार उघडायचं नाही. आतून दिवसभर ऐकू यायचं, "येस सर. अगदी बरोबर सर. मी तेच म्हणणार होतो सर." ज्या माणसाला घरात स्वतःचा टॉवेल सापडत नाही, तो तिथे बसून देशाचा व्यापार सांभाळत होता म्हणे.

मग टीव्हीवरच्या मुलीने सांगितलं, सगळं शिथिल झालं. बागांच्या फाटकांवरच्या पट्ट्या निघाल्या. समोरच्या बागेतल्या बाकांवर पुन्हा माणसं बसायला लागली, एकमेकांकडे चोरासारखी बघत. शाळाही उघडणार होत्या. आमच्या लेकीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा मला फोन आला.

"पोरं हातभर वाढलीत हो. पँटी घोट्याच्या वर गेल्यात. नवे गणवेश घ्यायची ऐपत कुणाची उरली नाही. आहेत त्यांचीच दुमड सोडून द्याल? पण शाळा उघडायच्या आत हवेत. नाहीतर बाजारातला दुकानवाला तयारच आहे."

मी हो म्हटलं. दुकानात एकदा गेलेलं काम परत येत नाही, हे मला कळतं. गणवेशांची गाठोडी आली आणि जेवणाचं टेबल त्यांच्याखाली गडप झालं. जाड कापडाची टीप त्या हातमशीनवर बसेना. मला माझं मशीन हवं होतं, माझी खिडकी हवी होती.

"ऑफिस सुरू झालं की घे," साहेब म्हणाले. तेव्हाचं भांडण तिथे मिटलं.

ऑफिस सुरू झालं. बुरशी आलेले बूट पुसून साहेब गेले. मी सवयीने चहा टाकला, सवयीने स्टुलावर ठेवला, दोनदा टकटक केलं.

आतून आवाज आला, "थँक यू."

मी स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि थांबले. मला आधी खटकलं ते 'थँक यू'. आमच्या साहेबांनी चहाला कधी हुंकारसुद्धा दिलेला नाही. आणि मग, ओट्याला टेकून उभी असताना, लक्षात आलं, की साहेब घरात नाहीत.

मी मोबाइल लावला. "कुठे आहात?"

"ऑफिसात. कुठे असणार? लिफ्ट बंद पडलीय. इथे सॅनिटायझरही संपलंय. काय काम होतं?"

"काही नाही."

बंद दाराआड तोच आवाज बोलत होता. "तुमचा मुद्दा पटतो, पण मला जरा वेगळं वाटतं." हे आमचे साहेब नव्हेत, हे मला त्याच वाक्यावर कळलं. वरिष्ठांसमोर वेगळं वाटून घेण्याचा गुण त्यांच्यात नाही. तरी आवाज त्यांचाच होता. तोच खर्ज, तीच खोकल्याची उबळ.

मी अडाणी नाही. शेजारच्या भिंतीतून आवाज येतात, कॉम्प्युटरवर जुन्या मीटिंगा पुन्हा वाजवता येतात, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या घराला कुलूप होतं. कॉम्प्युटर साहेब बॅगेत घालून घेऊन गेले होते. थोड्या वेळाने कप आणायला गेले, तर तो रिकामा होता. बशीत एक थेंब सांडलेला नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी दार उघडून पाहिलं. आत टेबल, खुर्ची, कोपऱ्यात चादर पांघरलेलं मशीन. "तुझे कान वाजतायत. मास्कच्या नाड्या बांधून बांधून झालं असेल," ते म्हणाले. स्वतःच्या विनोदावर ते एकटेच हसले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते उतरलेल्या तोंडाने परत आले. ऑफिसात त्यांच्या जागेवर कुणी ढुंकून बघेना. मोठ्या पडद्यावर मीटिंग लावलेली आणि पडद्यावर साहेबच. इस्त्रीचा शर्ट, मागे आमची खिडकी. सगळे पडद्यावरच्या त्यांच्याशी बोलत होते. हे दारात उभे राहिले, तर कुणीतरी हळूच म्हणालं, "जरा बाजूला व्हा, मीटिंग चालू आहे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बाजूला झालो."

मला वाटलं होतं, माणूस घाबरेल. दार फोडेल, निदान दोन शिव्या तरी हासडेल. साहेबांनी रात्रभर विचार केला आणि त्यांना त्यात सोय दिसली. सकाळी ते बॅग घेऊन निघाले आणि थेट समोरच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसले. हॉलच्या खिडकीतून मला त्यांचं टक्कल दिसत होतं. ऑफिस सुटायच्या वेळी वर आले.

"दार उघडू नकोस," बूट काढताना ते म्हणाले. आता ते कुजबुजत बोलायला लागले होते. "चहा तेवढा वेळेवर ठेवत जा."

"अहो, मला खोली हवीय. गणवेश पडलेत."

"टेबलावर शिव की."

"आत आहे कोण?"

"कोण असणार? मीच आहे."

"मग तुम्ही कोण?"

त्यांनी मोजे काढून बुटांत कोंबले. "मॅनेजरांनी आज माझं कौतुक केलं," ते म्हणाले. "बाकावर मेसेज आला."

मी त्या क्षणी त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात उरलेली थोडीफार भीडही गेली. भुताला घाबरणारा माणूस मला चालला असता. भुताला कामाला लावून त्याच्या जिवावर बाकावर बसणारा कसा चालावा?

लेकीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण एक दिवस ती त्याच दाराला पाठ लावून गणिताची वही घेऊन बसलेली दिसली.

"बाबा आतून सांगतात," ती म्हणाली. "छान सांगतात आता. चुकलं तरी ओरडत नाहीत."

"बाबा बागेत आहेत," मी म्हटलं.

"ते पण आहेत," लेक म्हणाली आणि तिने वहीचं पान उलटलं.

शाळा उघडायला आल्या. बाईंचा पुन्हा फोन आला, या वेळी आवाजात साखर नव्हती. दुकानवाला शाळेत येऊन नमुने दाखवून गेला होता. टेबलावरचा ढीग तसाच होता आणि हातमशीनची सुई जाड कापडात मोडली होती.

मी त्या दुपारी चहा केला नाही. टकटक केली नाही.

आतून आवाज येत होता, नेहमीसारखा शांत, समजूतदार. "तर आता आपण असं करू..."

मी दार उघडलं.

आवाज तुटला.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर धूळ होती, त्यात बोटाचाही ठसा नव्हता. खिडकी बंद होती. नवं कापड पहिल्यांदा उलगडल्यावर येतो तसा वास होता.

मी खुर्चीच्या गादीवर हात ठेवला. गादी ऊबदार होती.

मग जेवणाच्या टेबलावरचा गणवेशांचा ढीग आठवला, तो आत आणला. मी खुर्ची बाहेर काढली, चादर ओढली, मशीनला तेल घातलं आणि शिवायला बसले. एकेक दुमड उसवत होते, एकेक टीप मारत होते. उन्हं कलेपर्यंत मान वर केली नाही.

बेल वाजली. दारात साहेब. नेहमीपेक्षा लवकर.

"तर आता आपण असं करू," ते म्हणाले, "खोली तुझी. मी हॉलमध्ये बसेन."

मी बघतच राहिले. ते कुजबुजत नव्हते. आत आले, बूट जागेवर ठेवले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. स्वतः चहा केला, मलाही आणून दिला आणि कप विसळून ठेवला. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाई किती स्वस्तात खूश होते बघा.

कपडे बदलून त्यांनी शर्ट बादलीत टाकला आणि ते लेकीला घेऊन गणिताला बसले. धुवायच्या आधी कपडा उलटा करायची माझी पद्धत आहे. मी उलटा केला. निळा शर्ट, मीच शिवलेला. काखेतल्या शिवणीवर बोट फिरवलं आणि पुन्हा फिरवलं. मग खिडकीपाशी नेला.

शिवण होती. टीप नव्हती. कॉलरला नाही, बाहीला नाही, खिशाला नाही. मी सुईच्या टोकाने उसवून बघायला गेले, पण उसवायला दोराच नव्हता. फांदीला फांदी फुटावी तसं कापडातून कापड फुटलं होतं. बटणंही त्यातूनच वर आली होती.

हॉलमध्ये लेक कशाला तरी मोठ्याने हसली. किती दिवसांनी हसली पोरगी.

मशीनवर ठेवलेला मोबाइल थरथरला. साहेबांचं नाव होतं.

"अगं," पलीकडून कुजबूज आली. मागे कुणीतरी बागेच्या फाटकाची साखळी ओढत होतं. "झाली का मीटिंग? येऊ का वर? इथे बंद करतायत."

मी शिवून झालेल्या गणवेशांकडे पाहिलं. राहिलेल्यांकडे पाहिलं. हॉलमध्ये ते शांतपणे लेकीला म्हणत होते, "चुकू दे. पुन्हा करू."

"नाही," मी म्हटलं. "अजून चालू आहे."

"बरं बरं," साहेब म्हणाले. "मग थांबतो मी. त्यांना मध्येच उठवू नकोस."