एचएसआरची पाचवी खेप

हणमंतरावांनी डबा उघडला आणि फोन वाजला. साप निघायची एकच वेळ, हणमंतरावांच्या जेवणाची. पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आपल्या लेथच्या शेडमध्ये बसून गेली बावीस वर्षं ते असे फोन घेत होते. हौसेनं धरलेलं साप पकडायचं काम असं गळ्यात पडलं होतं. "लोकांच्या घरचे साप, आणि आमच्या घरचं अन्न शिळं," असं त्यांच्या मंडळी, गोजराबाई, रोज ऐकवायच्या.

फोन शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या तनयचा होता. पुण्याहून आलेला, आयटीतला पोरगा. महिनाभरात ही पाचवी वेळ.

"काका, परत आलाय. बेडरूममध्ये, कपाटाखाली. मी नजर हलवलेली नाही."

नजर हलवायची नाही, हा हणमंतरावांचाच नियम. साप दिसला की लांब उभं राहायचं आणि मी पोचेपर्यंत त्याच्यावरून डोळा काढायचा नाही. एवढंसं काम, पण लोकांना जमेल तर शपथ. कुणी चहा टाकायला जातं, कुणी दुधाची वाटी आणतं, आणि मग अख्खं घर उपसायला हणमंतराव. तनय मात्र नियमाचा पक्का. चारही वेळा हणमंतराव सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत भाजून निघून पोचले, तेव्हा तो लाल डोळ्यांनी जागच्या जागी उभा होता. आणि चारही वेळा त्यानं बोट दाखवलं तिथे काही नव्हतं.

"आता दिसतोय ना काका?" मागच्या खेपेला त्यानं विचारलं होतं.

"फरशी दिसतेय. कसला होता? नाग, घोणस?"

"रंग नाही सांगता येत. खुळखुळ्यासारखा आवाज येतो. रॅटलस्नेक असेल का?"

"अय्यो, तो अमेरिकेत असतो बाबा. त्याला इकडचा व्हिसा कुणी दिला? लांबी किती?"

तनयनं जरा विचार केला होता. "शेवट दिसला नाही काका."

घर तळमजल्यावर, शेजारी गवतानं माजलेला मोकळा प्लॉट. अशा घरात पाली हव्यात, मुंग्या हव्यात. तिथे एकही नव्हती. बाळाच्या खुर्चीखाली नाचणीचं सत्त्व सांडून वाळलं होतं, त्यालासुद्धा मुंगी लागली नव्हती. हणमंतरावांनी त्याचं खापर फिनेलवर फोडलं होतं.

तनयची बायको मैत्रेयी आठ महिन्यांच्या ईशानला घेऊन पुण्याला निघून गेली होती. सापवाले काका स्वतःच्या तोंडानं सांगतील, तेव्हाच पोराला त्या घरात आणीन, असं तिनं बजावलं होतं.

"आज ती येतेय काका," तनय फोनवर म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "उद्या तिचं ऑफिस सुरू होतंय. तुम्ही घर मोकळं नाही म्हणालात, तर ती नोकरी सोडून परत जाईल. पुन्हा नाही येणार."

हणमंतरावांच्या पायाशी कापडी पिशवी होती. तिच्यात सकाळी शेजारच्या कारखान्यात, रंगाच्या डब्यांमागे धरलेली धामण होती. बिनविषारी, सहा फुटी. संध्याकाळी रानात सोडायची होती. तिच्याकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. साप त्या घरात नव्हता, पोराच्या डोक्यात होता. तो बाहेर काढायचा तर काहीतरी पकडून दाखवायलाच हवं. असला खोटेपणा त्यांनी कधी केला नव्हता. पण हेलपाटे घालून जीव मेटाकुटीला आला होता.

"सरी, ठीक," ते आपल्या कानडी वळणानं म्हणाले. "आज पकडूनच जातो."

पोचल्यावर त्यांनी तनयला हॉलमध्ये पाठवलं, बेडरूमचं दार लोटलं आणि पिशवीची गाठ सोडली. धामण सुटली की पाण्यासारखी वाहते. ती पलंगाखाली जाईल, दोन मिनिटांनी आरडाओरडा करून तिला ओढायची, असा बेत होता.

धामणीनं डोकं बाहेर काढलं. कपाटाच्या दिशेनं एकदा जीभ लवलवली. मग ती आत गेली.

हणमंतराव वैतागले. त्यांनी पिशवी उलटी केली. धामण फरशीवर पडली, गर्रकन वळली आणि त्यांच्या हातावरून चढून परत पिशवीत शिरली. तळाशी जाऊन तिनं डोकं स्वतःच्याच वेटोळ्यात खुपसलं. कापडातून तिची थरथर हाताला लागत होती. आपणहून पिशवीत जाणारा साप हणमंतरावांनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता.

तेवढ्यात तनयनं दार ढकललं. "मिळाला? काका, मिळाला?" पिशवीतली वळवळ बघून तो अक्षरशः नाचला. "मैत्रेयी गेटपाशीच आहे. कॅबमधून उतरत नाहीये. थांबा, बोलवतो!"

"तनय, स्वल्प थांब," हणमंतराव म्हणाले. तो केव्हाच बाहेर पळाला होता.

मैत्रेयी ईशानला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. "काका, घर मोकळं आहे ना? तुम्ही सांगा."

हणमंतरावांनी पिशवीकडे पाहिलं. काय सांगणार होते ते? सापाला भीती वाटली म्हणून? "आहे," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

तिनं पोराला हॉलमधल्या सतरंजीवर बसवलं.

ईशान हसत होता. हसता हसता थांबला.

त्यानं बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. मग त्याची मान हळूहळू वळू लागली. उंबरठा. सोफ्याचा पाय. सतरंजीची कड. सावकाश, न थांबता.

आईबाप बॅगा आत घेत होते.

नजर सतरंजीपाशी घुटमळली. आणखी जवळ आली.

आपल्या शब्दावर हे पोर इथे बसलंय, एवढंच हणमंतरावांना सुचलं. ते मध्ये जाऊन उभे राहिले.

ईशानची नजर त्यांच्या चपलांपाशी थांबली.

मग ती वर चढायला लागली. गुडघा. कंबर. उजवा खांदा.

हणमंतरावांना काही जाणवलं नाही. ना स्पर्श, ना वजन.

"मी निघतो," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"अहो काका, चहा तरी!"

ते पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे सरकत दाराबाहेर पडले. पोराची नजर त्यांच्या खांद्यावर होती. त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. आतून ईशानचं खिदळणं ऐकू आलं.

स्कूटरपाशी त्यांनी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. आतली धामण त्यांच्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढी सरकून कापडाला चिकटली होती.

फोन वाजला. गोजराबाई.

"अहो, डबा तरी खाल्लात का? कुठवर आलात?"

"मी आज घरी येत नाही."

"का? साप मिळाला नाही?"

"मिळाला."

"मग त्याला सोडा कुठेतरी आणि या की."

हणमंतरावांनी फोन डाव्या कानाला लावला. उजव्या बाजूला आता जागा नव्हती.