डावी विंग

त्र्याण्णव साली जत्रेच्या नाटकासाठी बारामतीहून विंगा आणायला मी टेम्पो घेऊन गेलो होतो. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्याला विंग म्हणतात. आमच्या कळस गावात त्या कापडाआडच्या अंधाऱ्या जागेलाही विंगच म्हणतात. तिथं वही घेऊन जो वाक्यं पुरवतो, त्याचं नाव हँडबिलावर कधी नसतं.

कुंडलिकतात्या त्या जागेत बावीस जत्रा उभे राहिले. आदल्या वर्षी दुसऱ्या अंकात त्यांच्या छातीत कळ आली. मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब राजाचं काम करायचे. त्यांनी विंगेत येऊन बघितलं आणि म्हणाले, "अंक संपल्याबिगर पडदा पडायचा न्हाय."

पडदा पडला तेव्हा तात्या गार झाले होते. शिपायाचा भाला धरून मी तिथंच होतो. मीही गप्प राहिलो, याची चीड अजून जात नाही.

"आबासाहेब, यंदा तरी हँडबिलावर तात्यांचं नाव घाला," मी हात जोडले.

"विंगंतल्या माणसाचं नाव कुणी छापतं व्हय?" ते हसले.

रंगीत तालीम भर दुपारी होती. तात्यांची वही आता माझ्याकडं. आबासाहेबांचं पाठांतर शून्य. डाव्या विंगेतून येईल ते अर्थ न बघता धडाधड बोलायचे. माझं डोकं असं फिरलं होतं की ठरवलं, आज तोंडच उघडायचं नाही. होऊ दे फजिती.

ते अडले. मी वही मिटली.

तेवढ्यात तात्यांच्या तंबाखूचा वास आला... अगदी खांद्याजवळ. आबासाहेबांनी डावा कान वळवला आणि राजाच्या खणखणीत आवाजात बोलले,

"आबासाहेब... छातीत लई कळ येतीया... पाया पडतो, पडदा पाडा..."

त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. "गप की रं..." ते माझ्याकडं बघून कुजबुजले.

"मी काय बी बोललो न्हाय... ही बघा, वही मिटलीया."

त्या जत्रेत नाटक झालंच नाही. पण माणूस एवढा निबर, की त्या तालमीनंतरही हँडबिलं वाटली ती तात्यांच्या नावाशिवायच!

आता ते ओट्यावर बसून असतात. कुणी काही विचारलं, की आधी डावा कान वळतो, मगच बोलतात. परवा मी विचारलं, "तात्यांचं नाव छापायचं का औंदा?"

कान वळला. ओठ हलले. "कुं..." एवढंच आलं आणि त्यांनी दात आवळले.

डावीकडं नुसती भिंत होती. तिथून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.