मागे फिरवलेला तास

"घड्याळ लावायला गेला होता अमोस. एवढंच काम होतं," विल्फकाकांनी ग्लास खाली ठेवला. पब रिकामा झाला होता आणि आम्ही तिघं शेगडीच्या जरा जास्तच जवळ सरकलो होतो.

"अमोस कर्शॉ, माझा शेजारी. मनोऱ्यांतली जुनी घड्याळं दुरुस्त करायचा. थापा मारणारा माणूस नव्हे. थापा मी मारतो."

"कबूल केलंत काका!" बेथनी हसली.

"हस. साल दोन हजार एकोणीस. सव्वीस ऑक्टोबर, शनिवार. रात्री दोन वाजता सगळ्या देशाची घड्याळं तासभर मागे घेतात ना, ती रात्र. वरच्या ऑल्डरशॉ गिरणीत आता फ्लॅट झालेत, त्यांचं रविवारी सकाळी उद्घाटन होतं. पाहुण्यांना मनोऱ्यावर अचूक वेळ दिसली पाहिजे, हा पियर्सचा हट्ट. पियर्स म्हणजे गिरणीमालक ऑल्डरशॉ घराण्यातला शेवटचा.

"मूळ पुरुष जोसाया ऑल्डरशॉ. 'मिलियनेअर' हा शब्द इंग्लंडात नवा होता, तेव्हा आमच्या खोऱ्यात तो एकाच माणसाला लावायचे. लोक म्हणतात कापसावर कमावलं. कापसावर सगळेच कमावत होते. यानं मिनिटांवर कमावलं. सकाळी गिरणीच्या घड्याळाचा काटा पुढे, संध्याकाळी मागे. कामगाराच्या खिशात स्वतःचं घड्याळ सापडलं, तर त्याच दिवशी हाकलायचे. माझी खापरपणजी तिथेच खोकून खोकून मेली. तेविसाव्या वर्षी."

आता कुणी हसलं नाही.

"असल्या घड्याळाचा काटा मागे फिरवत नाहीत. लंबक धरायचा, तासभर थांबायचं, मग सोडायचा. मनोऱ्यात सोबत आलेल्या पियर्सला अमोसनं तेच सांगितलं. पियर्स म्हणाला, 'या थंडीत तासभर उभा राहू? फिरव मागे.'

"'यंत्र मोडेल, मालक.'

"'मोडलं तर माझं मोडेल. तुझं काय जातंय, म्हाताऱ्या?'

"'या इमारतीत काटा मागे नाही फिरवायचा. ऑल्डरशॉच्या हातानं तर नाहीच नाही.'

"'आजीनं सांगितलं वाटतं!' पियर्स खो खो हसला. पुढे झाला. काटा धरला. दोनाचा एक केला.

"अमोस चिडून खाली निघाला. अर्धा जिना उतरला असेल... आणि खालून पावलं वाजली. अनवाणी. तेलकट फरशीवरून आल्यासारखी, चिकट. एक जण... मग दहा... मग मोजताच येईनात. अमोस भिंतीला चिकटला. त्याच्या अंगाला घासून जात होते. दिसत काहीच नव्हतं. फक्त खोकला. कोरडा. बायकांचा.

"वर दार लागलं."

"पियर्स ओरडला का?" मी विचारलं.

"एकदाच. 'अमोस!'" काका थांबले. "मग यंत्रं सुरू झाली."

"कुठली यंत्रं?" बेथनी म्हणाली. "ती तर साठ वर्षांपूर्वीच भंगारात गेली."

"तेच तर."

शेगडीतला कोळसा फुटला. मी केवढ्यानं दचकले!

"अमोस वर धावला. शेवटी माणूस होता आत. दार ढकललं. खांद्यानं. मग पहारीनं. हललं नाही. आत धडधड... धडधड... जमीन हादरत होती. आणि दाराला अगदी लागून एक बाई बोलली. शांत आवाजात.

"'अजून सुटी झाली नाही.'

"मनोऱ्यात पुन्हा दोनचे ठोके पडले. सगळं थांबलं. दार आपलं आपण उघडलं.

"आत कुणी नाही. पियर्स भिंतीशी बसलेला. जिवंत. अमोसला ओळखेना. एवढंच म्हणाला, 'किती वाजले?'

"अमोसची सांगायची हिंमत झाली नाही.

"तिसऱ्या दिवशी पियर्स इस्पितळातच वारला. तोवर नर्सला, डॉक्टरला, भिंतीला, तेच विचारत होता."

काकांनी रिकामा ग्लास बाजूला सारला.

"मला कीव येत नाही," काका म्हणाले. "यायला हवी. येत नाही."

"डोक्यावर परिणाम झाला असेल हो," बेथनी पुटपुटली. "एकटा, अंधारात..."

"डॉक्टरही तेच म्हणाले. पण त्यांनी त्याला चादरीखाली पाहिलं. उचलून खाली आणला तो अमोसनं." काका शेगडीकडे बघत होते. "सूत कातणारा माणूस काय करायचा, शाळेत सांगतात का गं? चालायचा. यंत्राबरोबर पुढे, यंत्राबरोबर मागे. दिवसाला वीस मैल. बसायचं नाही.

"पियर्सचे बूट कोरे होते. उद्घाटनासाठी घेतलेले. आतल्या बाजूला दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आणि तळ..."

त्यांनी तळहात उपडा केला. पुन्हा उलटला.

"तळ नव्हतेच. चामडं झिजून पार गेलेलं. खाली नुसते पाय.

"वरचं पॉलिश मात्र चकाकत होतं."