जुन्या सीटचा वास

आमच्या गॅलरीतून शेजारच्यांचं दार समोरच दिसतं, त्यामुळे मला मुद्दाम डोकवावं लागत नाही. तिथे नवरा-बायको दोघंच राहतात. तो विजेचे मीटर वाचत सायकलवर घरोघर फिरतो. मध्यंतरी त्याने सायकलला जुन्या बाजारातून चामड्याची सीट आणली. कोणाच्या तरी बसण्याने मऊ पडलेली, छान होती. फक्त तिला वास होता. घामाचा, तंबाखूचा, आणि त्याखाली बरेच दिवस बंद असलेल्या खोलीचा.

बायको पोटुशी. सायकल दारात लागली की तिला उमासे येत, पोटात अन्न ठरत नसे. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर बाळ वाढायचं नाही.

"फेकून दे की ती सीट," मी म्हटलं.

"काकू, दिवसभर बसायचं मला असतं. तुम्ही एकदा माझ्या आधीच्या सीटवर बसून दाखवा, मग बोलू."

मग मीच पदर खोचला. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून सीट पुसली. उन्हात चामडं तडकतं, म्हणून सावलीत वाळवली. खायचा सोडा चोळला, झटकला, आणि कोळशाबरोबर पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवली. डबा उघडून हुंगलं तर नुसतं चामडं. वास कोळशात उतरायला हवा होता, पण कोळशालाही वास नव्हता, तेवढं मात्र मला जरा नवल वाटलं.

बायको जेवू लागली. अंगावर तेज आलं.

एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. बेल वाजली नव्हती, तरी तिने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी ती बाजूला सरली, मग दार लावून घेतलं.

मला कसलं राहवतंय. साखरेची वाटी घेऊन गेले. जिन्यातच तो वास आला. घरात तर भरून राहिला होता.

"आज लवकर आला वाटतं तो?"

"नाही हो... संध्याकाळ होते त्यांना."

"आणि हा वास...? तुला त्रास नाही होत?"

"कसला वास?" ती हसली. "आता सगळं पोटात ठरतं, काकू. एकटीला जेवण जायचं नाही."

मी दाराजवळच्या वेताच्या खुर्चीवर टेकायला गेले.

"तिथे नको... इकडे बसा."

माझा हात खुर्चीला लागलाच होता. कोणी नुकतं उठल्यासारखी ती गरम होती.

काल संध्याकाळी तो कामावरून येता येता आधी माझ्याकडे आला. पोटातल्या बाळाचं वजन तपासणीत चांगलं भरलं, म्हणाला. "काकू, तुमच्या हाताला गुण आहे." तो वळला आणि त्याने स्वतःचं दार वाजवलं.

"कोण?" आतून तिने विचारलं.

"अगं, मी..."

मग तिचा आवाज आला, हळू, घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

"अहो, बघा ना जरा, कोण आलंय ते."

आणि आतून कडी निघाली.